भरून नेली, भरून आणली

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची पाण्याची बाटली आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूनं आपली कहाणी कशी शांतपणे, डोळ्यांत जरासं पाणी आणून सांगावी, अशी अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. मधेच माझा आवाज चढला तर कानांवर हात ठेवा, पण उठून जाऊ नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या गोल चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि मी लांबट झाले. मग मला गळा मिळाला, गळ्याला आटे पाडले, त्यावर झाकण बसलं. शेवटी तिथल्या एका कामगार ताईंनी माझ्यात पाणी भरलं, मला उलटं धरून गदागदा हलवलं आणि एकही थेंब गळला नाही म्हणून खुशीनं खोक्यात ठेवलं. काहीही झालं तरी आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही, हा माझा पहिला धडा. तो मी इतका चोख पाठ केला, की आता त्याचाच संताप येतो.

मला विकत घेतलं ते आमच्या बाईंच्या बाबांनी. बाई म्हणजे दुसरीच्या वर्गाच्या बाई. त्यांना शाळेत नोकरी लागली त्याच दिवशी बाबा मला घेऊन आले. बाबांनी सगळा जन्म बस चालवण्यात घालवला होता.

"हे बघ," ते लेकीला म्हणाले, "मी स्टिअरिंगवर बसायचो ना, तेव्हा घोटभर पाणी प्यायचं तरी आधी पुढच्या थांब्याचा हिशेब करायचो. त्यापायी मूतखडे झाले. तुझं बरंय. तुझा वर्ग काही रस्त्यावरनं पळत नाही. तहान लागली की प्यायचं."

"हो हो बाबा, बादलीभर पिईन," बाई हसून म्हणाल्या.

सुरुवातीची वर्षं खरंच सुखाची होती. आमच्या वर्गाला आणि शेजारच्या वर्गाला जोडणारं एक दार होतं. पलीकडच्या वर्गावर उंच बाई होत्या. त्या इतक्या उंच होत्या, की फळ्याच्या वरच्या कडेवरची धूळ टाच न उचलता पुसायच्या. आमच्या बाईंना स्वच्छतागृहात जायचं असलं, की त्या ते दार ढकलून हळूच म्हणायच्या, "बघता का जरा? आलेच."

"जा गं. तुझी माकडं काय नि माझी माकडं काय, एकाच झाडाची," उंच बाई म्हणायच्या आणि दारात उभं राहून दोन्ही वर्गांवर नजर ठेवायच्या. कुणाची टाप नव्हती हलायची.

तेव्हा मी मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी व्हायचे. मग मला नळावरून भरून आणायला मुलांमध्ये मारामारी. एकदा त्या ओढाताणीत मी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले आणि माझ्या कुशीत पोचा पडला. बाई ओरडल्या नाहीत. पोच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "छान झालं, आता धरायला खाच मिळाली." घरी जाताना मी हलकी असायचे, पिशवीत उड्या मारत जायचे. बाटलीला आणखी काय हवं असतं?

मग उंच बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी येणार, येणार असं बरेच महिने ऐकलं. कुणी आलं नाही. त्यांची मुलं आमच्या वर्गात आणून बसवली, बाकांवर दाटीवाटी झाली आणि ते मधलं दार पलीकडून कुलूप लावून बंद केलं. पलीकडे आता मोडके बाक ठेवतात.

आता "बघता का जरा" असं कुणाला म्हणायचं?

बाई चोरून जाऊ लागल्या. मुलांना शुद्धलेखन द्यायचं आणि पळत सुटायचं. तेही सोपं नव्हतं. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि त्याची किल्ली ऑफिसात खिळ्याला अडकवलेली. खिळा नेमका पर्यवेक्षक सरांच्या टेबलामागे. किल्ली घ्यायला गेलं, की सर चष्म्यावरून बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, "पुन्हा?"

पुन्हा! अहो, माणसाचं शरीर आहे. तुम्ही सकाळी जेवता आणि संध्याकाळी पुन्हा जेवता, तेव्हा विचारतं का कुणी?

एके दिवशी बाई अशाच गेल्या होत्या. मी टेबलावर होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, त्याला सगळे बेडूक म्हणायचे, या बाकावरून त्या बाकावर उडी मारायला गेला आणि तोंडावर आपटला. पुढचा दात अर्धा तुटला. रक्त, रडारड, आरडाओरडा. बाई आल्या तेव्हा दारात मुलांची भिंत उभी होती. त्यांनी त्याला उचललं, माझ्यातलं पाणी ओतून त्याचं तोंड धुतलं, पदर ओला करून ओठांवर धरला.

शाळा सुटताना बेडकाची आई आली. ती भांडखोर नव्हती. घाबरली होती. पण घाबरलेली आई फार मोठ्यानं बोलते.

"माझं लेकरू तुमच्या भरवशावर सोडते मी! बाई, तुम्ही होतात कुठे?"

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिथेच होत्या. पर्यवेक्षक सर होते, क्लार्क होते, इतर मुलांना न्यायला आलेले दोन वडील होते. सगळे आमच्या बाईंच्या तोंडाकडे बघत होते. आणि मित्रांनो, आमच्या बाई खोटं बोलल्या. एवढ्या पुरुषांसमोर "लघवीला गेले होते" असं म्हणायची त्यांना लाज वाटली.

"ऑफिसात गेले होते," त्या म्हणाल्या.

"ऑफिसात? कुणी बोलावलं होतं?" सरांनी विचारलं. "मी सबंध वेळ ऑफिसातच होतो. तुम्ही आला नव्हतात."

किल्ली नेली तेव्हा ते चहा प्यायला बाहेर गेले होते, म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते सांगायचं, तर किल्ली कशाला नेली तेही सांगावं लागलं असतं. मग सगळ्यांनी आपापल्या मनानं काय ते ठरवलं. कुणी म्हणालं, फोनवर बोलत असणार. कुणी म्हणालं, आजकालच्या शिक्षकांना काळजीच नाही. पालकांच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत तेच. अशा रीतीनं एका चांगल्या बाईंचं नाव खराब झालं.

दुसऱ्या दिवशी नियम लागला. तास चालू असताना कोणत्याही कारणानं वर्ग सोडायचा नाही. मधल्या सुट्टीतही डबा खाणाऱ्या मुलांपाशीच थांबायचं. दारावर कॅमेरा बसला. कोणत्याही कारणानं! हा नियम ज्यांनी लिहिला, त्यांच्या खोलीला लागूनच त्यांचं स्वतःचं स्वच्छतागृह आहे, बरं का. त्याला किल्ली लागत नाही.

त्या दिवसापासून बाईंनी पाणी सोडलं. जायला मिळणार नाही तर प्यायचंच कशाला? सकाळी मला गळ्यापर्यंत भरायचं, शाळेत न्यायचं, टेबलावर ठेवायचं आणि तसंच घरी आणायचं. भरून नेली, भरून आणली. ओझं वाहायचं फक्त.

घरी आल्यावर बाई चपलासुद्धा न काढता न्हाणीघराकडे धावायच्या. त्यांची छोटी मुलगी, पिल्लू, हात वर करून दारातच उभी असायची. "आई, आधी मला घे!" पण आई तिला ओलांडून पळायची. मग पिल्लू बंद दाराला गाल लावून उभी राहायची आणि दारावर नखांनी खरवडायची. तो आवाज आठवला, की माझा पोचा आजही दुखतो.

बाईंच्या सासूबाई मला पिशवीतून काढून हातात तोलायच्या. "पुन्हा भरलेली? अगं, हे पाणी काय फिरायला नेतेस का?" असं म्हणत त्या मला गॅलरीतल्या कुंडीवर उलटं करायच्या. कुंडीतलं रोप त्या वर्षी छपरापर्यंत पोचलं. बाई मात्र सुकत चालल्या. ओठांना चिरा पडल्या, डोळ्यांखाली काळं झालं, आवाज घोगरा झाला.

"अगं, सरळ उठून जायचं. कोण अडवतंय बघू," नवरा म्हणाला.

"कॅमेरा अडवतो."

"कॅमेरा काय हात धरतो का?"

ज्याच्या ऑफिसात उठून जायला कुणाला विचारावं लागत नाही, त्याला काय सांगणार?

आता ऐका पुढची गंमत. गंमत म्हणते, पण दात खाऊन म्हणते. शाळेत पाण्याची घंटा सुरू झाली. मुलं पाणी कमी पितात म्हणून ठरावीक वेळी घंटा होणार आणि सगळ्या मुलांनी पाणी प्यायचं. कल्पना उत्तम. मला मुलांचा राग नाही. तुम्ही भरपूर प्या. पण मोठ्या बाईंनी वर असंही सांगितलं, की शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः पाणी पिऊन आदर्श ठेवावा.

मग काय झालं सांगू? घंटा झाली, की बाई मला उचलायच्या, झाकण काढायच्या, ओठ घट्ट मिटायच्या आणि मला तिरकं करायच्या. पाणी त्यांच्या ओठांपर्यंत यायचं, त्या चिरांना लागायचं आणि परत माझ्या पोटात जायचं. मग त्या "आहाहा" म्हणायच्या. मुलं टाळ्या वाजवायची, "बाई प्यायल्या! बाई प्यायल्या!" तहानेनं घसा कोरडा पडलेल्या बाईनं पाणी पिण्याचं नाटक करायचं आणि तेही पाणी हातात असताना. मी तेव्हा ओरडले असते, पण बाटलीला तोंड असून उपयोग काय?

त्या वर्गात एक मुलगी होती. सारखे प्रश्न विचारायची म्हणून बाई तिला लाडानं चौकशीबाई म्हणायच्या. एकदा टाळ्या थांबल्यावर तिनं हात वर केला.

"बाई, तुमचा घसा हललाच नाही."

"हलला की."

"नाही हलला. माझा हलतो, हा बघा. तुमचा नाही हलला."

"चौकशीबाई, खाली बसा आणि पाढे काढा," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी बराच वेळ तारीख लिहिली. एवढी मोठी शाळा, एवढे कॅमेरे, आणि बाईंच्या घशाकडे नीट बघितलं ते सात वर्षांच्या पोरीनं.

पुढे व्हायचं तेच झालं. कंबर दुखू लागली, थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, लघवीत जंतू झालेत, वेळेवर सांभाळलं नाही तर मूत्रपिंडापर्यंत जातील. "तुम्ही शिकलेल्या ना? मग पाणी का पीत नाही?" असं त्यांनी विचारलं तेव्हा बाईंना हसू आलं. हसता हसता रडू आलं. गोळ्या घेतल्या, ताप उतरला, बाई शाळेत गेल्या. महिन्याभरात ताप पुन्हा आला. हे असंच चालू राहिलं. बाबांनी मला ज्या दुखण्याला लांब ठेवायला आणलं होतं, त्याचंच भावंड माझ्या डोळ्यांदेखत बाईंच्या अंगात घर करत होतं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांना हॉलमध्ये थांबवलं. व्यासपीठावर मोठा फलक होता, 'आनंदी शिक्षक, आनंदी शाळा'. शिक्षकांच्या स्वास्थ्याचा कार्यक्रम होता. बाहेरून एक पाहुण्या आल्या होत्या. पालकांचे प्रतिनिधी पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांत बेडकाची आई होती. प्रत्येक शिक्षकाला एक पांढरा मग भेट मिळाला. त्यावर हसरा चेहरा आणि खाली अक्षरं, 'आधी स्वतःची काळजी घ्या'. तो मग माझ्या शेजारी टेबलावर ठेवला होता. मला तो फोडावासा वाटला.

पाहुण्या स्वभावानं गोड होत्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, खोल श्वास घ्यायला लावला, मनातल्या मनात एका तळ्याकाठी नेलं. तळ्याकाठी! बाईंचं अंग तापानं फणफणलेलं, सकाळपासून गेलेल्या नाहीत, आणि कानावर काय तर तळ्यातल्या पाण्याचा आवाज. शेजारच्या चित्रकलेच्या बाई एक डोळा उघडून पुटपुटल्या, "हिला म्हणावं, तळं राहू दे, किल्ली आण."

आमच्या बाई अखेर उठल्या. दाराशी पर्यवेक्षक सर उभे होते.

"बाई, पाचच मिनिटं. ग्रुप फोटो व्हायचाय. आणि किल्ली ऑफिसात आहे, क्लार्क कुलूप लावून गेले."

बाई परत येऊन बसल्या. तेवढ्यात पाहुण्यांनी हसून विचारलं, "आता मला सांगा, आपण सगळे दिवसभरात किती पाणी पितो? खरं खरं हं!"

हॉलमध्ये हशा पिकला. तो शिक्षकांचा हशा होता, पाहुण्यांना त्यातलं काही कळलं नाही. आणि आमच्या बाई उभ्या राहिल्या. मला गळ्याला धरून, रांगांमधून वाट काढत त्या थेट व्यासपीठावर गेल्या. त्यांचा तळहात निखाऱ्यासारखा होता. त्यांनी मला पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवलं. ठण्णकन आवाज झाला.

"उचला," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांनी मला उचललं. "भरलेली आहे," त्या गोंधळून म्हणाल्या.

"सकाळी भरलीय. शाळा सुटली. आता घरी नेऊन कुंडीत ओतणार. रोज हेच. मुलांसमोर प्यायचं नाटक करते मी. प्यायले तर जावं लागेल, आणि जायची बंदी आहे."

"बाई, हा विषय नंतर बोलू," मोठ्या बाई घाईघाईनं म्हणाल्या. "पालक बसलेत."

"पालक बसलेत म्हणूनच बोलते." बाईंचा आवाज फाटला होता, पण थांबला नाही. त्या बेडकाच्या आईकडे वळल्या. "ताई, तुम्ही विचारलं होतंत ना, कुठे होते मी? लघवीला गेले होते. लघवीला! ऑफिसात नाही, फोनवर नाही. तुमच्या मुलाचा दात तुटला त्याचं दुःख मला आजही आहे. पण मी चोरी करायला गेले नव्हते."

सर छताकडे बघू लागले. बेडकाच्या आईचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? तुमच्या मागे कोण कोण उभं होतं आठवा. तुम्ही सांगितलं असतंत?"

बेडकाच्या आईनं मान हलवली. नाही.

मग काय झालं माहीत आहे? चित्रकलेच्या बाई उठल्या आणि आपली निळी बाटली माझ्या शेजारी आणून ठेवली. भरलेली. त्यांच्यामागून चौथीच्या बाई आल्या. त्यांचीही भरलेली. मग एकामागून एक सगळ्या. स्टीलच्या, काचेच्या, प्लॅस्टिकच्या, एक तर पोराची कार्टूनची बाटली. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. टेबल वाकलं. मित्रांनो, मला इतकी वर्षं वाटत होतं, की मीच एकटी अभागी. त्या दिवशी कळलं, की माझी सगळी जात तशीच तुडुंब भरून घरी जात होती, आणि त्यांच्या मधोमध पाहुण्यांना मिळालेला तसलाच हसरा मग दात काढून उभा होता.

ग्रुप फोटो झाला नाही.

बेडकाची आई उठून मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "तो नियम माझ्या तक्रारीवरून झाला ना? मग माझ्याच सांगण्यावरून काढा. वर्गात कुणी हवं असेल तर बसवा कुणाला तरी. मला बोलवा, मी येऊन बसते. पण बाईंना जाऊ द्या." आणि मग सरांकडे वळून, "आणि ती किल्ली आत्ता हवीय. क्लार्क कुठेही गेले असू देत."

किल्ली पाच मिनिटांत आली. मिळत होती, बघा. इतके दिवस मिळत होती.

सोमवारपासून शाळेतल्या मावशी प्रत्येक तासाला वर्गावर्गांतून फिरू लागल्या. बाई बाहेर गेल्या, की मावशी दारात स्टूल टाकून बसतात. कुलूप निघालं, किल्लीचा खिळा रिकामा झाला. झालं. एवढंच लागत होतं. एक स्टूल आणि एक मावशी. एवढ्यासाठी एका बाईचं आरोग्य गेलं, पिल्लू दाराला गाल लावून उभी राहिली. मला सांगा, मी रागावू नको तर काय करू? बाईंच्या गोळ्या अजून चालूच आहेत. उंच बाईंच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

त्या सोमवारी पाण्याची घंटा झाली. बाईंनी मला उचललं, झाकण काढलं, ओठ उघडले. चौकशीबाई पहिल्या बाकावरून मान वर करून टक लावून बघत होती.

"हलला!" ती किंचाळली. "घसा हलला!"

संध्याकाळी बाईंनी चपला नीट काढून ठेवल्या आणि पिल्लूला आधी कडेवर घेतलं. सासूबाईंनी सवयीनं मला कुंडीवर उलटं केलं. काही पडलं नाही. त्यांनी हलवून पाहिलं, माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. मग मला छातीशी धरलं आणि नळावरून तांब्या भरायला गेल्या, रोपासाठी.

मी आता जुनी झाले आहे. पोचे पडलेत, झाकण करकरतं. माझ्यावर दया करू नका. एकच काम करा. उद्या शाळा सुटताना तुमच्या बाईंची, तुमच्या सरांची बाटली उचलून पाहा. हलकी लागली तर बरं. जड लागली, तर घरी येऊन आईला सांगा, बाबांना सांगा, आणि त्यांना ती शाळेत येऊन स्वतःच्या हातानं उचलायला लावा.